जाऊबाई ऊर्फ फाटक

माझी मोठी जाऊ मला कधीच आवडली नाही. हे मी तिच्या पाठीमागे सांगत नाहीये, तोंडावर सांगून झालंय. तीही मला पाण्यात पाहायची. एका घरात, एका ओट्यापाशी आम्ही वर्षानुवर्षं काढली, पण एकीने ठेवलेलं पातेलं दुसरीने हलवलं नाही असा दिवस गेला नाही.

ती बंदराच्या मुख्य गेटवर नोकरीला होती. ट्रक आला की कंटेनरवरचा नंबर कागदाशी ताडायचा, दाराचं सील ओढून पाहायचं, सगळं जुळलं तर दांडा वर करायला सांगायचं. जुळलं नाही तर गाडी मागे. मग ड्रायव्हर रडो, शिव्या देवो, नाहीतर पाया पडो. ड्रायव्हर तिला फाटक म्हणायचे. नव्याने आलेल्यांना ते आडनाव वाटायचं. कुणी बिचारा अदबीने "फाटकबाई, जरा बघा की" म्हणाला की मागचे पोट धरून हसायचे. ती हसायची नाही. घरीही तसंच. भात मऊ झाला तर "मऊ झालाय" म्हणायची, चांगला झाला तर काहीच म्हणायची नाही.

तिचा नवरा, म्हणजे माझे मोठे दीर, बंदराच्या वर्कशॉपमध्ये क्रेनची चाकं दुरुस्त करायचे. बायको आणि आई यांच्यामध्ये बसून ते आयुष्यभर ताटात बघत जेवले. माझा नवरा धाकटा. सासऱ्यांचा ट्रक त्याच्या वाट्याला आला होता, आणि त्या ट्रकापेक्षा मोठी गोष्ट त्याने स्वतः कमावली होती. ती म्हणजे रांग.

आमचं घर बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर. खिडकी उघडली की खाली ट्रक. सकाळी तोच ट्रक, संध्याकाळीही तोच, फार तर दोन हात पुढे. आत जायला दोन-दोन दिवस लागायचे. ड्रायव्हर गाडीखाली चटई टाकून झोपायचे, चाकाच्या आडोशाला स्टोव्ह पेटवायचे, आमच्या भिंतीचं काय करायचे ते सांगत नाही. इंजिनं चालूच. दोरीवर पांढरा कपडा घातला तर काढताना करडा निघायचा. माझी मुलगी शाळेला जाताना दोन ट्रकांच्या मधून अंग चोरून जायची.

या रांगेत पूर्वी रोज मारामाऱ्या व्हायच्या. माझ्या नवऱ्याने एकदा खडू घेतला आणि प्रत्येक गाडीच्या बंपरवर नंबर टाकत गेला. त्या दिवसापासून तो नंबरदार. कुणाचा नंबर पुढे, कुणाचा मागे, कुणाची आई आजारी म्हणून कुणाला मध्ये घ्यायचं, हे तो ठरवायचा. मग कुणी आमच्या दारात तांदळाचं पोतं ठेवून जायचं, कुणी आमचा फ्रिज फुकट दुरुस्त करून द्यायचं. मी त्याला मान म्हणायचे. जाऊबाई त्याला लाच म्हणायची, आणि त्या तांदळाचा भात खायची नाही. स्वतःचं पाव किलो वेगळं आणायची. आता सांगा, अशा बाईबरोबर कुणी कसं राहावं?

मग बंदरात नवे साहेब आले. त्यांचं म्हणणं असं, की ट्रक जास्त आहेत हे दुखणं नाही, सगळे आपल्याला वाटेल तेव्हा येतात हे दुखणं आहे. शिवाय निम्मे ट्रक भरून येतात आणि रिकामे जातात, उरलेले रिकामे येतात आणि भरून जातात. म्हणजे निम्म्या फेऱ्या हवा वाहून नेतात. त्यांनी ठरवलं ते असं: प्रत्येक गाडीने फोनवरून आधी वेळ घ्यायची. गावाबाहेरच्या मोठ्या मैदानात थांबायचं, तिथे पाणी, संडास, सावली. वेळ झाली की निरोप येईल, तेव्हाच निघायचं. एक कंटेनर आणायचा, त्याच फेरीत दुसरा न्यायचा. आणि वेळेआधी गेटवर येईल त्याला मैदानात परत पाठवायचं.

परत पाठवायला माणूस कोण? साहेबांनी सगळ्या गेटवाल्यांकडे पाहिलं म्हणे. प्रत्येकाचा कुणीतरी मेव्हणा, मित्र, शेजारी रांगेत होता. एकटी आमची जाऊबाई अशी, की तिला कुणी आवडतच नव्हतं. वशिला लावणार कुणाचा?

त्या संध्याकाळी जेवताना तिने विषय काढला.

"भावजी, सोमवारपासून खडू घरी ठेवा."

माझा नवरा हसला. "वहिनी, साहेब येतात नि जातात. रांग राहते."

"सोमवारपासून रांग नाही. वेळ घ्या आणि वेळेवर या."

"आणि नाही आलो तर?"

"तर मागे पाठवीन."

"मला?" त्याने घास खाली ठेवला. "घरच्या माणसाला?"

"गेटवर मला घर नसतं."

सासूबाई म्हणाल्या, "अगं, आपलेच दात नि आपलेच ओठ. जरा सांभाळून घ्यावं."

जाऊबाईने ताट उचललं. मोठे दीर भातात बोट फिरवत राहिले.

सोमवारी माझा नवरा मुद्दाम तासभर आधी गेला. परीक्षा बघायला म्हणा ना. मागे त्याची माणसं गाड्या घेऊन उभी, नंबरदाराचं काय होतं ते पाहायला. तिने वेळ पाहिली, त्याच्याकडे पाहिलंही नाही. "गाडी मागे."

"वहिनी, वळवायला जागा नाही."

"आहे. डावीकडून घ्या. मी दाखवते."

आणि खरंच तिने हातात झेंडा घेऊन, पन्नास माणसांसमोर, त्याला इंच-इंच मागे घ्यायला लावलं. "अजून. अजून. थांबा. आता डावीकडे." जसं काही पोराला सायकल शिकवतेय. ज्याच्या एका खडूवर दोन-दोनशे गाड्या हलायच्या, तो आपल्या भावजयीच्या इशाऱ्यावर गाडी हलवत होता. तो घरी आला तेव्हा त्याचे कान लाल होते. त्याने मला एवढंच सांगितलं, "त्या बाईचं पाणी आपल्या हंड्यातून बंद."

मी नुसतं पाणी नाही, सगळं बंद केलं. ओट्यावर मधोमध एक पट्टी चिकटवली, इकडे माझं, तिकडे तिचं. तिच्या शेगडीची नळी मी कधी जोडून दिली नाही. न्हाणीघरात सकाळी मी आधी शिरायचे आणि सावकाश अंघोळ करायचे, अगदी सावकाश, म्हणजे तिला उशीर व्हावा. तिचा वाळत घातलेला युनिफॉर्म रस्त्याच्या बाजूच्या दोरीवर सरकवायचे. तिने हाताने कधी काही केलं नाही. ती तोंडाने करायची. एकदा दारातून जाता जाता म्हणाली, "धाकटे, एवढ्या कष्टाने अंघोळ करतेस, कधीतरी स्वच्छही निघ." तो शब्द मला अजून झोंबतो.

सुरुवातीचे आठवडे नव्या व्यवस्थेचा पार बोजवारा उडाला. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. सगळ्यांनी सकाळचीच वेळ मागितली, मैदान भरून वाहायला लागलं, आणि दुपारी गेटवर कुत्रंही फिरकेना. माझा नवरा खिडकीत बसून म्हणायचा, "बघ, येतील आता माझ्या दारात." साहेबांनी कारण शोधलं. ड्रायव्हरांचा दोष नव्हता. गावातली गोदामं सकाळीच उघडायची आणि दिवेलागणीला कुलूप लावायची, मग माल दुपारी नेऊन ठेवायचा कुठे? गोदामवाल्यांना दोन पाळ्या चालवायला सांगायला हवं होतं. ते साहेबांना दाद देईनात. गोड बोलून कंटाळलेल्या साहेबांनी शेवटी जाऊबाईला पाठवलं.

ती एकेका गोदामात जाऊन भांडली. एका गोदामवाल्याने तिला बाहेर बाकावर बसवून ठेवलं, तर ती त्याच्या बाहेर जाणाऱ्या मोटारीपुढे उभी राहिली. दुसरा म्हणाला, "बाई, तुम्ही कोण मला सांगणार?" ती म्हणाली, "मी ती आहे जी उद्या तुमच्या गाडीचं सील तपासणार आहे." वाकडं काही करायची धमकी नव्हती त्यात, ती सील तपासायचीच. पण त्याला काय कळायचं ते कळलं. पावसाळा संपायच्या आत बहुतेक गोदामं उशिरापर्यंत उघडी राहायला लागली. भांडायची जी हौस आम्ही घरात सोसली, तिचा बंदराला असा फायदा झाला.

रांग आटायला लागली तशी माझ्या नवऱ्याभोवतीची माणसंही आटली. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. तांदूळ बंद झाला. फ्रिज बिघडला तो बिघडलेलाच. तेव्हा त्याने उरलेल्यांना गोळा केलं आणि गेट अडवायचं ठरवलं.

सकाळी चार ट्रक गेटसमोर आडवे लागले, पहिला आमचा. मागे रस्ताभर गाडीला गाडी चिकटवून लावली, पार आमच्या घराच्याही पुढे. घोषणा झाल्या, हॉर्न वाजले. खिडकीतून ती जुनी रांग परत दिसली तेव्हा मला, देवाशपथ, भरून आलं. मी डबा भरला आणि गाड्यांच्या मधून वाट काढत नवऱ्यापर्यंत गेले.

आत साहेब आणि जाऊबाई यांनी काय केलं, तर रेल्वेच्या बाजूचं जुनं गेट उघडलं. ज्यांनी वेळ घेतली होती त्या सगळ्यांच्या फोनवर निरोप गेला, मागून या. ते मागून आले आणि गेले. काम चालूच. आणि आमची माणसं आपणच बांधलेल्या गाठीत अडकून बसली. पुढच्याला पुढे जाता येईना, मागच्याला मागे. ऊन चढलं. पाण्याची सोय मैदानात, म्हणजे गावाबाहेर.

दुपारी एकजण धावत आला. त्याच्या कंटेनरमध्ये मासळी होती, आणि थंड ठेवणाऱ्या मशीनचं डिझेल संपत आलं होतं.

"नंबरदार, मला सोड. माल नासेल."

"बंद म्हणजे बंद."

"मग मासळी तू खाणार का?"

"तोंड सांभाळ!"

"तूच सांभाळ! तुझं नि तुझ्या भावजयीचं भांडण, आणि आम्ही का वाळतोय इथे?"

हे वाक्य सगळ्यांनी ऐकलं. मासळीवाला आपल्या गाडीत चढला, रिव्हर्स टाकला, आणि मागच्याच्या दिव्यांचा चुराडा केला. तो मागचा उतरला तो पाना घेऊनच. मग कोण कुणाला मारतंय ते कळेना. सरकारविरुद्ध एक झालेली माणसं अर्ध्या तासात एकमेकांच्या कॉलरला धरून होती.

तेवढ्यात गेटमधलं छोटं दार उघडलं आणि जाऊबाई भोंगा घेऊन बाहेर आली. डोक्यावर पिवळं हेल्मेट. "ज्यांना बाहेर पडायचंय त्यांनी हात वर करा. मागून एकेक गाडी ओढून काढतो. आता निघेल त्याच्यावर केस नाही."

आधी मासळीवाल्याचा हात वर गेला. मग त्याला मारणाऱ्याचा. मग हातच हात. माझा नवरा माझ्या शेजारी उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं तर तो हात मोजत असल्यासारखा बघत होता, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याने खाली वाकून चाकाचा एक नट उचलला आणि फेकला.

हेल्मेटखाली गालावर लागला. ती गुडघ्यांवर बसली. मग ती उठली, भोंगा उचलला, आणि तोंडातून रक्त थुंकून म्हणाली, "शेवटच्या गाडीपासून सुरुवात." एवढं मात्र मला कबूल करायला हवं, की त्या क्षणी दुसरं कुणी असतं तर आत पळालं असतं.

पोलीस आले. "कुणी मारलं?" ड्रायव्हर सगळे मुके. मला विचारलं. मी म्हणाले, "गर्दीत कसं दिसणार?" जाऊबाई गालाला फडकं लावून दगडावर बसली होती.

"मला दिसलं," ती म्हणाली. "माझा दीर. तो, निळ्या शर्टातला. लिहून घ्या."

आमच्या सात पिढ्यांत कुणी पोलीस चौकी पाहिली नव्हती. माझ्या नवऱ्याला गाडीत घातलं तेव्हा मी तिच्या अंगावर धावून गेले, दोन महिला पोलिसांनी मला धरलं. मी काय-काय बोलले ते सगळं सांगण्यासारखं नाही. ती ऐकून घेत होती, आणि मध्येच म्हणाली, "झालं? डबा उन्हात आहे, विटेल." त्या बाईला अशा वेळी डबा दिसला!

इस्पितळात सासूबाई तिच्या खाटेशी बसून रडल्या. "तक्रार मागे घे गं. लोक हसतील. सांगितलं होतं ना तुला, आपलेच दात नि आपलेच ओठ."

जाऊबाईचा अर्धा चेहरा सुजला होता, शब्द नीट फुटत नव्हते. ती म्हणाली, "दात हलतायत, आई. म्हणूनच केली."

तक्रार तिने मागे घेतली नाही. ती घरी आली त्या संध्याकाळी, ज्या मोठ्या दिरांच्या तोंडून मी कधी पुरं वाक्य ऐकलं नव्हतं, त्यांनी गादी गुंडाळली, दोन पेट्या काढल्या, आणि आईसमोर उभे राहून म्हणाले, "आई, आम्ही निघतो. जे झालं ते मी पाहून न पाहिल्यासारखं करणार नाही." सासूबाई बघतच राहिल्या. मीही. बंदराच्या वसाहतीत त्यांना एक खोली मिळाली. मी ओट्यावरची पट्टी काढून टाकली. तिचा डाग आहे अजून, घासला तरी जात नाही.

माझा नवरा काही दिवसांनी सुटून आला. लायसन्स मात्र सहा महिने जप्त. ते सहा महिने घरात कसे गेले, ते भिंतींना विचारा. तो खिडकीत बसायचा आणि खाली रिकाम्या रस्त्याकडे बघायचा. रांग नव्हती. पोरं तिथे चेंडू खेळायला लागली होती, आणि त्यांच्या ओरडण्याचा त्याला त्रास व्हायचा. इतकी वर्षं इंजिनांच्या आवाजात गाढ झोपलेला माणूस!

मग लायसन्स मिळालं. त्याने नाक मुठीत धरून फोनवर वेळ घेतली आणि सकाळी गेला. जेवणाच्या आधीच दारात उभा. मला वाटलं, गाडी बंद पडली.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग परत का आलात?"

"काम झालं." तो खुर्चीत बसला आणि चपलाही न काढता म्हणाला, "एक कंटेनर ठेवला, एक उचलला, पोचवला. झालं." फसवलेल्या माणसासारखा चेहरा होता त्याचा. पूर्वी ज्याला दोन दिवस लागायचे, त्याला आता पुरी सकाळही लागेना. हळूहळू तो दिवसाला दोन फेऱ्या मारायला लागला, रात्री घरी झोपायला लागला. गाडीचा खर्च अंगावर येईनासा झाला. तुम्हाला वाटेल, मग राग गेला असेल. उलट वाढला. तिच्यामुळे बुडालो असतो तर निदान तोंड भरून शिव्या तरी देता आल्या असत्या. तिच्यामुळे बरं चाललंय, हे कुठल्या तोंडाने सोसायचं? मला विचाराल तर, दोरीवरचे कपडे आता पांढरे निघतात, एवढं मी मान्य करते. त्यापुढे नाही.

गेटवर तो रोज तिच्यासमोर जायचा. तिचा एक गाल आत गेला होता, हाड नीट बसलं नव्हतं. "नंबर?" हा सांगायचा. "सील?" हा दाखवायचा. "जा." बाकीचे ड्रायव्हर काचा खाली करून बघायचे, आज तरी काही होतं का. कधी काही झालं नाही.

पुढे तिच्यावरही पाळी आलीच. गेटवर कॅमेरे बसले. नंबर मशीनच वाचायला लागलं, दांडा आपोआप वर. जाऊबाईची जागाच उडाली. ड्रायव्हरांनी त्या दिवशी एकमेकांना चहा पाजला. मी म्हणाले, ज्याने रांग खाल्ली त्याने फाटकही खाल्लं, बरं झालं. तिला कॅन्टीनच्या मागच्या बाजूला तक्रारींच्या खिडकीवर बसवलं. तक्रारी ऐकायला ती! विंचवाला औषध लावायला बसवल्यासारखं.

आणि मलाच तिथे जावं लागलं. मशीनने आमच्या गाडीची वेळ तीनदा 'आला नाही' अशी नोंदवली आणि गाडीला वेळ देणंच बंद करून टाकलं. माझा नवरा तिन्ही वेळा गेला होता. "मी मरेन, पण त्या खिडकीवर जाणार नाही," म्हणाला. मग मी पदर खोचला.

तिने मला पाहिलं. बस म्हणाली नाही, ये म्हणाली नाही. "काय आहे?"

मी सांगितलं. तिने कॉम्प्युटरवर गेटच्या कॅमेऱ्याचे फोटो उघडले, नाक पडद्याला लावून पाहिलं, आणि फोन उचलला. "आठचा तीन वाचलाय तुमच्या मशीनने. तिन्ही वेळा. नाही, ड्रायव्हर आला होता, मला गाडी दिसतेय. आधी कॅमेरे पुसा, मग लोकांना बंद करा. आत्ता. मी फोन धरून आहे." तिने खरंच फोन धरून ठेवला, पलीकडचा वैतागेपर्यंत. मग माझ्याकडे वळली.

"सुरू झाली गाडी. त्यांना सांग, नंबर पुसून ठेवत जा. चिखल बसतो."

"ते रोज पुसतात," मी म्हणाले. "चिखल तुमच्या रस्त्याचा आहे. मैदानापासून गेटपर्यंत नुसते खड्डे."

"रस्त्याची तक्रार वेगळी. करायचीय?"

"करायचीय तर!"

"मग बस." तिने कागद ओढला. "कुठून कुठपर्यंत? पाणी कुठे साचतं? गाडी हळू कुठे होते?" अर्धा तास तिने माझं डोकं खाल्लं, आणि मीही तिला एक खड्डा सोडू दिला नाही. शेवटी ती म्हणाली, "आता एका ओळीत सांग, रस्ता कसा आहे."

"भिकार."

"खराब म्हण. वर साहेब वाचतात."

"भिकार आहे, भिकारच लिहा."

तिने माझ्याकडे एकदा रोखून पाहिलं. मग मान खाली घालून ठळक अक्षरात लिहिलं, भिकार, आणि सही करायला कागद माझ्यापुढे ढकलला.